मुरलेली लाल शराब आणि वऱ्हाडचे ऊन

१/
२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि राज्यभर एकच वाद पेटला: वाइन म्हणजे दारू की नव्हे? एका पक्षाने ती परकी चैन ठरवली. दुसऱ्याने आपल्या पूर्वजांचे दाखले दिले. विरोधामुळे तो निर्णय रखडला, वादही शमला. इतिहास मात्र दोन्ही बाजूंनी अर्धाच सांगितला गेला. आजच्या धाग्यात उरलेला अर्धा पाहू. विषय आहे मुरलेली लाल वाइन, तिची पारख, आणि अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडाशी तिचे असलेले विलक्षण नाते.

२/
प्रथमदर्शनी हे नाते जुळत नाही. वऱ्हाडाची ओळख कापसाची, ज्वारीची, आणि वरुड-मोर्शीकडच्या संत्र्यांची, द्राक्षांची नव्हे. त्यात अकोल्याचा मे महिना! पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लाल वाइन वर्षानुवर्षे मुरवायची तर तिला साधारण १२ ते १५ अंशांचा स्थिर गारवा लागतो. म्हणजे जी वस्तू येथे पिकत नाही आणि येथे टिकतही नाही, तिचा येथे इतिहास कसा असेल? तो आहे, कारण वऱ्हाड वाटेवरचा प्रांत आहे. सत्ता आणि व्यापार या वाटेने आले, आणि त्यांच्यामागून त्यांची पेयेही आली.

३/
आधी ‘मुरणे’ म्हणजे काय ते समजून घेऊ. लोणचे मुरते तसेच काहीसे येथे घडते. काळ्या द्राक्षांच्या साली आणि बिया रसासोबतच आंबवल्या जातात. सालीतून रंग येतो; साल आणि बी यांतून टॅनिन येते. टॅनिन म्हणजे कच्च्या जांभळाने जीभ ज्याने आवळून येते तो तुरटपणा. वाइन बंद बाटलीत वर्षानुवर्षे पडून राहिली की टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे कण एकमेकांत गुंतून मोठे होतात, जड होतात आणि तळाशी गाळ होऊन बसतात. तुरटपणा निवळतो, रंग उतरतो, वास पालटतो.

४/
म्हणून पारखणारा आधी डोळ्यांनी चाखतो. पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरायचा आणि कडेचा रंग पाहायचा. तरुण लाल वाइनची कड जांभळट दिसते; मुरलेलीची विटकरी, कधी तपकिरी. मग वास. तरुण वाइनला ताज्या फळांचा वास असतो. जुनीला सुक्या मेव्याचा, चामड्याचा, तंबाखूच्या पानाचा, पावसाने भिजलेल्या पाचोळ्याचा. शेवटी जीभ. टॅनिन मऊ झाले आहे की अजून ओरखडते? घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते? बाटलीतला गाळ पेल्यात येऊ नये म्हणून ती मेणबत्तीच्या उजेडात, एका संथ धारेने ओतायची, हा जुना शिरस्ता.

५/
येथे एक गैरसमज दूर करू. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे खरे नाही. जगातील बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. मुरून सुधारण्याइतके टॅनिन, आंबटपणा आणि सत्त्व फार थोड्या वाइनमध्ये असते. बाकीच्या नुसत्या म्हाताऱ्या होतात. आणि जी सुधारते तिलाही गारवा हवा, घट्ट बूच हवे, अंधार हवा, स्थैर्य हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दहा-वीस वर्षे पैसा आणि माल अडकवून स्वस्थ बसू शकणारा मालक हवा. ही शेवटची अट ध्यानात ठेवा. पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरणार आहे.

६/
आता मागे जाऊ, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइनही आहे: मुख्यतः इटलीची, शिवाय लाओदिकिया आणि अरबस्तानची. राजासाठी आणायच्या खास नजराण्यांत उंची वाइनचा वेगळा उल्लेख आहे. याच ग्रंथात भडोचशी जोडलेल्या दख्खनच्या दोन बाजारपेठा येतात, पैठण आणि तेर. म्हणजे सातवाहनांच्या काळी दख्खनला वाइनमधला प्रतीचा फरक ठाऊक होता: सामान्य माल बाजारात जाई आणि निवडक माल दरबारात.

७/
हे केवळ पुस्तकी नाही. प्रवरेकाठच्या नेवासे येथील उत्खननात भूमध्यसागरी मद्यकुंभांचे, म्हणजे ॲम्फोरांचे, तुकडे मिळाले. त्यांच्या मातीचे परीक्षण झाले तेव्हा त्यांतील काही कुंभ इटलीच्या कँपानिया भागातले, नेपल्सच्या उपसागराकाठचे निघाले. पाँपेई हे शहर याच उपसागराकाठी होते. आणि १९३८ साली त्याच पाँपेईच्या राखेतून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती बाहेर आली. तशाच घडणीच्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. भोकरदन हे बुलढाण्याच्या सीमेला लागून, म्हणजे वऱ्हाडाच्या उंबरठ्यावरच. वाइन इकडे आली आणि हस्तिदंत तिकडे गेले, त्या व्यापाराच्या या खुणा.

८/
रोमनांना जुन्या वाइनचे वेड होते. कँपानियाच्या सीमेवरची फालेर्नियन वाइन दहा-वीस वर्षे मुरवून पिण्याची रीत होती. इ.स.पू. १२१ चे, ओपिमियस कॉन्सल असतानाचे पीक तर दंतकथाच झाले. पण प्लिनी हा लेखक सांगतो की त्याच्या काळी, सुमारे दोनशे वर्षांनी, उरलेली ओपिमियन वाइन कडवट मधासारखी घट्ट झाली होती. ती सरळ पिता येत नसे. दुसऱ्या वाइनला स्वाद आणण्यापुरती तिची चिमूट वापरीत. जुनेपणाची किंमत चवीला होती की नावाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

९/
आपल्याकडचे ग्रंथ काय म्हणतात? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार त्यात दिले आहेत. यांपैकी ‘मधु’ म्हणजे द्राक्षाचे मद्य. त्याची दोन नावे प्रदेशांवरून पडली आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा परिसर. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या नावाने आज वाइन ओळखली जाते, तशी ही गावाच्या नावाने ओळखली जाणारी वाइन आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदली गेली होती. तीही आयात केलेलीच.

१०/
जुन्या-नव्याचा भेद आयुर्वेदाने अधिक नेमकेपणाने केला आहे. चरकसंहिता सांगते की नवे मद्य पचायला जड असते आणि दोष वाढवते. जीर्ण मद्य हलके होते, अग्नी प्रदीप्त करते, मन प्रसन्न करते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हाच भेद आहे, आणि द्राक्षाच्या मद्याला तेथे ‘मार्द्वीक’ असे नाव आहे. मराठी वाचकासाठी एक गंमत: अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत. वऱ्हाडातली जुनी दगडी देवळे ज्याच्या नावाने ओळखली जातात, तोच हा.

११/
आणि या उष्ण भूमीत मद्य मुरवायचे कसे? आसव-अरिष्टांची कृती पाहा. आतून तूप लावलेल्या मातीच्या भांड्यात काढा किंवा रस, गूळ आणि धायटीची फुले घालायची, तोंड मातीकापडाने बंद करायचे आणि भांडे जमिनीत किंवा धान्याच्या राशीत पुरून ठेवायचे. धान्याची रास आतला उष्मा एकसारखा राखते. हे तळघरच, फक्त आपल्या हवामानाला साजेसे. शार्ङ्गधराने तर आसवे जुनी झाल्यावरच गुणवान होतात असे स्पष्ट सांगितले आहे. आज औषधांच्या दुकानात मिळणारे द्राक्षारिष्ट आणि द्राक्षासव ही याच परंपरेची हयात रूपे होत.

१२/
पण चरक तेवढ्यावर थांबत नाही. मदात्यय, म्हणजे मद्याने होणारी व्याधी, यावर त्याने अख्खा अध्याय लिहिला आहे. कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रकृतीच्या माणसाने, काय खाऊन, कोणाच्या संगतीत, किती प्यावे हे तो सांगतो. ती मर्यादा पाळली तर मद्य अमृत, ओलांडली तर विष. मदाच्या चढत्या पायऱ्या तो एखाद्या अनुभवी वैद्याच्या कोरडेपणाने वर्णितो. ‘पूर्वज पीत होते’ असे म्हणणाऱ्यांनी हा अध्यायही वाचावा, आणि ‘हे सारे परके’ म्हणणाऱ्यांनीही.

१३/
आता थेट वऱ्हाडात येऊ. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. हे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. या शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरविले, आणि १७ क्रमांकाचे त्याच्या एका मांडलिकाने. याच १७व्या लेण्याच्या ओसरीत एक प्रसिद्ध चित्र आहे: मंडपात बसलेला राजपुत्र आपल्या व्याकूळ पत्नीच्या पुढे मद्याचा चषक धरतो आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या घातलेले परदेशी पुरुषही चषक हाती घेऊन बसले आहेत.

१४/
त्या चषकांत कोणते मद्य होते हे चित्र सांगत नाही. पण चित्रकाराला मद्यपानाचे दृश्य नित्याचे होते, आणि चषक हाती घेतलेल्या परदेशी पाहुण्यांचेही, एवढे त्यावरून नक्की कळते. साहित्यातही हेच दिसते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’ची नायिका विदर्भाची राजकन्या आहे, वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी, या नाटकात दोन राज्यांची सीमा ठरते. आणि तिसऱ्या अंकात राणी इरावती मद्याच्या धुंदीत रंगमंचावर येते. प्रेक्षक दचकले असते तर कालिदासाने हा प्रसंग योजला नसता. मात्र हे सारे राजवाड्यातले. शेतकऱ्याच्या घरात काय होते, त्याचे चित्र कोणी काढले नाही.

१५/
वऱ्हाडाची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र झाले. मराठी गद्याचा आद्य ठेवा असलेले ‘लीळाचरित्र’ तेथेच सिद्ध झाले. या पंथाने मद्य आणि मांस पूर्णतः वर्ज्य मानले. म्हणजे एकाच भूमीत चषकाचे चित्र आहे आणि चषक नाकारणारा पंथही आहे. ‘आपली संस्कृती’ असे एकवचनात बोलताना हे विसरता येत नाही.

१६/
पुढचा प्रसंग करुण आहे. १५९६ साली अहमदनगरच्या चांदबिबीशी झालेल्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेले. अकबराचा मुलगा शहाजादा मुराद येथे सुभेदारीवर होता. अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ त्याने शहापूर वसविले. पण मोहीम रेंगाळली, सरदारांशी बेबनाव झाला, आणि मुराद अधिकाधिक मद्यात बुडत गेला. अकबराने त्याला परत आणण्यासाठी अबुल फजलला धाडले. तो पोहोचला आणि थोड्याच काळात, मे १५९९ मध्ये, पूर्णा नदीच्या काठच्या छावणीत मुराद वारला. त्याला २९ वर्षेही पुरी झाली नव्हती.

१७/
त्याचा धाकटा भाऊ दानियाल दख्खनचा कारभार पाहण्यासाठी मेळघाटापलीकडच्या बुऱ्हाणपुरात राहिला. त्याच्यावर पहारे बसवून मद्य तोडले गेले. तेव्हा त्याने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून चोरून अरक मागविला. नळीतला गंज आणि दारूगोळ्याची काजळी त्यात उतरली. १६०५ साली दानियालही गेला. ही हकीकत त्यांचा थोरला भाऊ जहांगीर याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिली आहे, आणि आपण स्वतः दिवसाला वीस-वीस पेले दुबार गाळलेला अरक पीत होतो याची कबुलीही दिली आहे.

१८/
येथे पेय बदलले आहे, हे पाहा. वाइन आंबवून होते. अरक आंबवलेले द्रव्य भट्टीवर गाळून होतो. गाळलेल्या अरकाला गारवा लागत नाही, तो प्रवासात नासत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला मुरण्याची वाट पाहावी लागत नाही. छावणीत राहणाऱ्या, उद्याची खात्री नसलेल्या शहाजाद्याला तो सोयीचा. वाइनने जे धैर्य मागितले असते ते अरकाने मागितले नाही. मुराद आणि दानियाल यांच्यामागे बापाचे अवघे साम्राज्य होते. स्वस्थता मात्र त्यांना कधी लाभली नाही.

१९/
दोनशे वर्षांनी दुसरी फौज आली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे जनरल आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. ही दोन्ही ठिकाणे आजच्या अमरावती जिल्ह्यातली. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर त्या काळी दोन वाइन हमखास असत. एक बोर्दोची लाल क्लॅरेट. हिला नोकरचाकरांच्या हिंदुस्थानीत ‘लाल शराब’ म्हणत, आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात हा शब्द इंग्रजी वळणाने नोंदलेला आहे. दुसरी माडीरा बेटाची.

२०/
माडीरा आणि आपली ‘मदिरा’ यांचा संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ लाकूड. पण या दोन वाइनची गोष्ट आपल्या प्रश्नाचे उत्तर देते. हिंदुस्थानकडे निघालेली जहाजे माडीरा बेटावर थांबून पिंपे भरून घेत. विषुववृत्ताच्या उन्हात महिनोन्‌महिने हेलकावे खाल्ल्यावर ही वाइन बिघडण्याऐवजी सुधारे! हिंदुस्थानची फेरी मारून परत आलेली पिंपे युरोपात चढ्या दराने विकली जात. क्लॅरेटचे उलट. उष्णता तिची वैरीण. म्हणून ती परदेशी धाडण्यापूर्वी इंग्रज व्यापारी तीत अधिक जोरकस वाइन मिसळीत. येथे जी ‘लाल शराब’ येई ती बहुधा आधीच भेसळीची.

२१/
शिवाय बाटलीत वाइन मुरविणे ही गोष्ट तेव्हा युरोपातही नवीच होती. कोळशाच्या भट्टीतली जाड, मजबूत काच सतराव्या शतकात इंग्लंडात निघाली. आडवी ठेवता येईल अशी उभट, नळकांडी बाटली अठराव्या शतकात रुळली. आडवी ठेवल्याने बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. रोमन कुंभ लोपल्यावर हजाराहून अधिक वर्षे युरोपात वाइन वर्षभरात संपवीत, नाहीतर ती आंबून जाई. तेव्हा ‘जुनी लाल वाइन’ ही युरोपाची अखंड, सनातन परंपरा आहे, हाही एक भ्रमच.

२२/
इकडे थंडाव्याची सोय आबदाराकडे असे. सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पेय गार करण्याची युक्ती ‘आइन-ए-अकबरी’त वर्णिलेली आहे, गोऱ्यांनी तीच उचलली. पण सुरई तासाभरापुरती गार होते, वर्षभरासाठी नव्हे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, आणि कापसाच्या व्यापारासोबत विलायती बाटल्याही सुलभ झाल्या. साहेब उन्हाळ्यात चिखलदऱ्याला, सुमारे अकराशे मीटर उंचीवर जाई. वऱ्हाडात लाल वाइनला मानवेल असा गारवा कोठे असलाच, तर तेथेच, तोही अपुरा.

२३/
आणि याच चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या रानात मोह फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. कोरकू आणि गोंड बायामुले ती वेचतात, वाळवतात, खातात, साठवतात, आणि आंबवून त्यांची दारू गाळतात. देवाला ती लागते, लग्नाला लागते, मरणालाही लागते. मोहाची दारू आज गाळली की आजच संपते. तिला तळघर नाही, साल नाही, नाव नाही. इंग्रजी अमलात आबकारीचा फास आवळत गेला: गाळण्याला परवाना, विक्रीला ठेका, ठेक्याला लिलाव. साहेबाची बाटली मुरत पडली तरी ती प्रतिष्ठा. कोरकूची घरची भट्टी मात्र गुन्हा.

२४/
लिलावाचा नियम सोपा होता. ज्याने ठेक्याची अधिक बोली दिली त्याला ती रक्कम भरून काढण्यासाठी अधिक दारू खपवावी लागे. स्वस्त, ताजी, कडक दारू गावोगावच्या दुकानांत आली. चरकाने ज्या दोषकर ‘नव्या मद्या’विषयी बजावले होते तेच रयतेच्या वाट्याला आले, ‘जीर्ण’ मद्य मेजावरच राहिले. दोहोंमधला फरक केवळ चवीचा नव्हता. मुरवायला वेळ लागतो, आणि वेळ ही ऐपत आहे. कर्जाने पिचलेल्या कापूसवाल्याजवळ तीच नव्हती.

२५/
या ताज्या दारूची किंमत मोजणारे एक घर आपल्याला नावाने ठाऊक आहे. १८०३ चा तह जेथे झाला त्याच अंजनगाव-सुर्जी तालुक्यातील शेंडगाव. तेथे १८७६ साली डेबूजी जन्मला. वडील झिंगराजी दारूपायी अकालीच गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे गेली. हा डेबूजी पुढे गाडगे महाराज झाला. चरित्रकार सांगतात की मुलीच्या बारशाला जातगोतांना दारू-मटण देण्याची रीत त्याने मोडली आणि गोड जेवण वाढले. हातात खराटा घेऊन गावोगाव दारू सोडा म्हणून सांगणाऱ्या या माणसामागे ग्रंथ नव्हता. बापाचे मरण होते. पुढे मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही हाच उपदेश खंजिरीवर गाइला.

२६/
आजचे चित्र? २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक परिसर वाइनसाठी ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे द्राक्षांची काढणी थंडीच्या शेवटी, जानेवारी ते मार्चमध्ये होते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपल्या बहुतेक लाल वाइन लवकर पिण्यासाठीच केलेल्या असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरीकडे, अमरावतीला लागून असलेला वर्धा जिल्हा दारूबंदीखाली आहे. वर्धा नदी आजही सीमाच आहे, फक्त निराळ्या अर्थाने.

२७/
तेव्हा २०२२ च्या वादाकडे परत येऊ. ‘वाइन परकी आहे’ हे अर्धसत्य: कापिशायन, मार्द्वीक, नेवाशाचे कुंभ आणि अजिंठ्याचा चषक त्याला छेद देतात. ‘पूर्वजही पीत होते’ हेही अर्धसत्य: कोण पीत होते, काय पीत होते, आणि कोणाच्या खर्चाने, हे त्यात सांगितले जात नाही. मुरलेले मद्य राजाला, ताजे रयतेला. बाटलीला मान, मोहाला खटला. हा भेद लपवून ठेवणारा कोणताही दाखला इतिहास म्हणून अपुरा आहे.

२८/
जुनी वाइन ओतताना गाळ बाटलीतच ठेवतात. इतिहास सांगणाऱ्यांना ती सवय महागात पडते. शहापूरच्या शहाजाद्याची आणि शेंडगावच्या झिंगराजीची गोष्ट एकत्र सांगितली, तरच वऱ्हाडची चव पुरी कळते. पुढच्या वेळी अंजनगाव-सुर्जीवरून जाल तेव्हा तहाची आठवण काढाच, आणि शेंडगावचीही. आपल्या गावाकडे मोहाच्या, आसवांच्या किंवा दारूबंदीच्या जुन्या आठवणी सांगणारे कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून त्या आजच लिहून घ्या. त्या मुरण्याची वाट पाहू नका. धागा येथे संपतो.